ताम्रकला बाहेर कोण काढणार

दक्षता नाखवा भित्री होती आणि हे तिने कधी लपवलं नाही. लिफ्टमध्ये शिरली की आधी इमर्जन्सीचं बटण कुठे आहे ते बघायची. नाट्यगृहात खुर्ची कडेचीच घ्यायची. जन्म ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यातला, बाप होडीवाला, आणि पोरीला पाण्याची भीती. यावरून वाड्यातल्या पोरांनी तिला इतकं चिडवलं की शेवटी चिडवणारेच कंटाळले. अशा बाईने सहा वर्षं लोकांना घाबरवण्याचा उद्योग केला हे ऐकून तिच्या ऑफिसातले हसतात. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. दारं कुठे आहेत हे सारखं बघणाऱ्यालाच ती बंद कशी करायची हेही समजत असतं.

तिची नोकरी घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत होती. आरोग्यविम्याचे क्लेम तपासायचे. माणूस बरा होऊन घरी गेला की हॉस्पिटल डिस्चार्ज समरी पाठवतं, नाही गेला की डेथ समरी. दिवसभर ती दोन्ही वाचायची आणि माणसाच्या शरीरात काय काय बिघडू शकतं याची माहिती तिला गरजेपेक्षा फार जास्त झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. त्याची कारणं तिच्यापेक्षा तिच्या नातेवाइकांना जास्त चांगली माहीत होती. घरात ती आणि आई मालू, दोघीच.

आणि एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी 'ओहोटनगर'.

'ओहोटनगर' म्हणजे एका मराठी वाचन-ॲपवर क्रमशः येणारी कादंबरी. खाडीच्या तळाशी एक शहर आहे, फक्त मोठ्या ओहोटीला त्याचे कळस वर दिसतात. तिथली हवा, उजेड आणि वेळ, तिन्ही यंत्रांवर चालतात, आणि त्या यंत्रांवर जुन्या जलदेवींचा राग आहे. देवी दक्षताच्या, यंत्रं रत्नदीप ओव्हाळची. रत्नदीप कल्याण पूर्वेचा. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांच्या विजेचं काम करायचा, खिशात कायम भाजलेले चणे आणि जिभेवर कायम काहीतरी टोचणारं. वयाने दक्षतापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, पण दोघं एकमेकांना अरे-तुरे करायची. इतकं भांडल्यावर अहो-जाहो राहत नाही.

भांडणापासूनच तर सुरुवात झाली होती. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने कथालेखनाचं शिबिर भरवलं होतं, आणि जोडीजोडीने कथा लिहा असं सांगितलं होतं. बाकीच्या जोड्या चहा पीत गुण्यागोविंदाने लिहीत बसल्या. ही दोघं अर्ध्या पानावरच भांडली. त्याचं म्हणणं, देवी आणल्या की गोष्टीचा खुळखुळा होतो. तिचं म्हणणं, नुसती यंत्रं लिहायची तर गॅरंटी कार्ड लिही. शेवटी रागाच्या भरात तिने त्याच्या लाडक्या नायकाचा पाय खाडीच्या तळाशी नांगरात अडकवला, वर भरती लावली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. काढ बाहेर, म्हणाली. रत्नदीप तासभर चणे खात बसला आणि त्याने काढला. तेही असा काढला की तिला स्वतःच्याच रागाची लाज वाटली.

तिथून त्यांचा कायदा ठरला. एकाने अडकवायचं, दुसऱ्याने सोडवायचं. अडकवणाऱ्याने सुटकेची वाट मनात ठेवायची नाही, कागदावर तर मुळीच नाही. आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भेटायचं, बाकी सगळं फोनवर. वाचकांना हा कायदा माहीत होता आणि त्यातच त्यांना गंमत वाटायची. मागे एकदा रत्नदीपने नावाडीण रेवाला आरशाच्या तळ्यात बंद केलं होतं, तेव्हा दक्षताला एवढा वेळ लागला की लोकांनी कॉमेंटमध्ये तिच्या नावाने बोटं मोडली. एका काकूंनी तर रेवासाठी नवस बोलल्याचं कळवलं होतं. नवस कुठल्या देवाला, ते मात्र कळवलं नाही.

रेवा म्हणजे दक्षता, हे कोणी सांगायची गरज नव्हती. नखं खाणारी, दारं मोजणारी, पाण्यावर जगणारी आणि पाण्याला भिणारी. रत्नदीपने तिला तशी लिहिली तेव्हा दक्षता आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. मग तिने सूड घेतला. तिने ताम्रक आणला. शहराची यंत्रं दुरुस्त करणारा, कोणाचंच न ऐकणारा, खिशातून सारखं काहीतरी खाणारा. रत्नदीपने वाचलं आणि विचारलं, हा मूर्ख कोण? वाचकांचा मात्र ताम्रकवर इतका जीव जडला की त्याला ओरखडा आला तरी लोक ॲप डिलीट करायच्या धमक्या देत.

तर त्या रविवारी रत्नदीपचा पुढचा भाग दक्षताच्या फोनवर आला. ताम्रकला अडकवलेला.

ओहोटनगरच्या पोटात एक घर आहे, भरतीघर. तिथला मोठा पंप सगळ्या शहरात हवा खेळवतो. तो पंप बिघडलाय. दुरुस्त करायचा तर आधी बंद करायला हवा. बंद केला की भरतीघराची दारं आपोआप मिटतात आणि आत पाणी चढू लागतं. ताम्रक पंप बंद करतो, दारं मिटतात, तो काम पुरं करतो. आता पंप चालू करायचा दांडा फिरवायचा. पण दांडा बाहेर आहे, आणि बाहेर कोणी उरलेलं नाही, कारण शहर रिकामं करायला ताम्रकनेच सांगितलेलं आहे. पाणी त्याच्या छातीपर्यंत येतं तिथे भाग संपतो.

दक्षताने वाचलं आणि खूश झाली. हा त्याचा आजवरचा सर्वांत पक्का सापळा होता. तिने त्याला मेसेज टाकला, नालायका, छान. त्यावर नुसता अंगठा आला. एरवी तो निदान दोन वाक्यं तरी स्वतःची स्तुती करायचा, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बायकोचा, अमृताचा फोन आला. अमृता कधी फोन करत नसे. तिला या दोघांच्या लिहिण्याचा राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं. रत्नदीप कुठे असतो ते कळलं की तिला पुरे असायचं. मी फोन केलाय हे रत्नदीपला कळू देऊ नका, असं आधी बजावून तिने सांगितलं की त्याच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या आहेत आणि गुरुवारी ठाण्याच्या हॉस्पिटलात बायपास आहे. त्याने कोणालाच सांगितलेलं नव्हतं, शेडमध्येसुद्धा पाठदुखीची रजा टाकली होती.

दक्षताने फोन खाली ठेवला. समोर डबा उघडा होता आणि शेजारचा सुमित तिच्या डब्यातल्या बोंबलावर नेहमीसारखा डोळा ठेवून होता. तिने डबाच त्याच्याकडे सरकवला. मग फोनवर तो भाग पुन्हा उघडून वाचायला घेतला. पंप. बंद केल्याशिवाय दुरुस्त होत नाही. दारं मिटतात. दांडा बाहेरच्या कोणाच्यातरी हातात. बायपासमध्ये काय करतात ते तिला नको तितकं माहीत होतं. हृदय थांबवतात, रक्त मशीनवरून फिरवतात, आणि शिवून झालं की थांबवलेलं पुन्हा चालू करतात. बहुतेक वेळा चालू होतं. न झालेल्यांचे कागदही तिच्याच टेबलावर येत.

आणि मग तिला तो जिना आठवला, आणि ती खरी घाबरली.

सहा महिन्यांपूर्वी वाचनालयात दोघं वरच्या मजल्यावर चालली होती. मधल्या वळणावर रत्नदीप थांबला. फोन काढून बघत बसल्यासारखं केलं, पण फोनचा पडदा काळा होता. कपाळावर घाम होता. दक्षताने ते सगळं बघितलं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, काय रे, बरं वाटत नाहीये का? दक्षताच्या मनात आलं, हे ताम्रकला छान शोभेल. घरी जाऊन तिने तसं लिहिलंही: ताम्रक शिडीवर मधेच थांबतो आणि बंद पडलेलं यंत्र तपासतोय असं दाखवतो. रत्नदीपने तो परिच्छेद वाचून तिला शाबासकी दिली होती, आणि ती शाबासकी तिने दोन दिवस मिरवली होती. माणूस डोळ्यांसमोर धापा टाकत होता आणि आपण त्याचं वाक्य केलं. लिहिणाऱ्यांखेरीज असला गाढवपणा कोणाच्या हातून होणार?

आता तिच्या डोक्यात एकच घुसलं. गुरुवारच्या आधी ताम्रक बाहेर यायला हवा. ॲपला घाई नव्हती, या शुक्रवारी रत्नदीपचाच भाग जायचा होता, तिच्या भागाला अजून बरेच दिवस होते. घाई तिलाच होती. हे वेडगळ आहे हे तिला कळत होतं. पानावरचा माणूस बुडाला म्हणून कल्याणचा माणूस बुडत नाही, हे ती दुसऱ्या कोणालाही छातीठोकपणे सांगू शकली असती. पण ताम्रकला शिडीवर थांबवणारी तीच होती आणि त्यानंतर हे झालं होतं. एकदा मनात पाल चुकचुकली की शहाणपण कोपऱ्यात जाऊन बसतं.

तिने पुष्कळ वाटा शोधल्या. शहरात मागे राहिलेली एखादी म्हातारी दांडा फिरवेल. पण रत्नदीपने शेवटच्या होडीतली माणसं नावानिशी मोजून घेतली होती. जलदेवीला दया येईल. पण देवींना आत पाय टाकता येऊ नये म्हणून दारांना तांब्याची किनार लावलेली होती, आणि ती किनार मागे कधीतरी दक्षतानेच लिहिली होती. मंगळवारी ऑफिसात तिने एकाच क्लेमला दोनदा मंजुरी दिली आणि साहेबांचं ऐकून घेतलं. डोळे मिटले की छातीपर्यंत पाणी दिसायचं, आणि पाण्यात उभ्या माणसाचा चेहरा ताम्रकचा नसायचा.

मंगळवारी संध्याकाळी घरी ती तोच भाग पुन्हा वाचत होती, आता अगदी क्लेमचे कागद वाचावेत तसा, एकेक शब्दावर बोट ठेवून. आणि पहिल्याच परिच्छेदात तिला ते दिसलं. ताम्रक आत शिरतो तेव्हा त्याचा खांदा भिंतीतल्या एका जुन्या बोलनळीला घासतो. बोलनळी म्हणजे एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारी पितळी नळी, वरून माणूस घसरत खाली येईल एवढी रुंद, पण खालून वर चढता न येणारी. ही नळी रेवाच्या घाटावर निघते, असं रत्नदीपने जाता जाता लिहिलं होतं. आणि रेवा शेवटच्या होडीतल्या मोजलेल्या माणसांत नव्हती, कारण होडी तिचीच, आणि ती सगळ्यांना पोचवून परत घाटावर यायची असते. ताम्रकने नळीतून हाक मारायची, रेवाने येऊन दांडा फिरवायचा. झाली सुटका.

दक्षताच्या जिवात जीव आला. पण तो घडीभरच. मग ती नळीच तिला खटकली.

सहा वर्षांत रत्नदीपने कधी फट ठेवली नव्हती. फट ठेवणाऱ्याला तो लेखकच मानायचा नाही. आणि या भागात त्याने एक सरळ, सोपी, शाळेतल्या पोरालाही सापडेल अशी वाट ठेवून दिली होती. कशासाठी? कारण पुढे भांडायला, अडकवायला, सोडवायला आपण नसलो तरी हिला एकटीला गोष्ट नीट संपवता यावी. तो निरोप घेत होता. त्याची नेहमीची बडबड बंद होती, अंगठा पाठवून गप्प बसला होता, आणि जाताना दार उघडं ठेवून चालला होता.

ती उठून आईजवळ जाऊन बसली. मालू मासळी विकायची बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, पण खिडकीत बसून खाडीचं पाणी कुठवर आलंय ते सांगायचं काम तिने सोडलेलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात खुंटीला एक जाळं टांगलेलं होतं, अर्धं शिवलेलं. दक्षताच्या बापाचं. तो जाऊन एवढी वर्षं झाली तरी त्या जाळ्याला कोणी हात लावायचा नाही असा घरात नियम होता, आणि दक्षताने त्याचं कारण कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

मालूने तिच्याकडे असं बघितलं की जणू एवढी शिकलेली पोर आणि एवढंही माहीत नाही.

"तुजा बापूस होरी घेऊन निंगाला का मी त्याचं एक तरी काम अर्धं ठेवायची," ती म्हणाली. "जालं अर्धं ठेवायची, नायतर कंदिलाची काच. आनि जाताना त्याला सांगायची, हे तुज्याशिवाय कोनाला जमनार नाय. मंग तो कसाबी परत यायचा."

"आणि बाबा दवाखान्यात गेले तेव्हा?"

मालूने खाडीकडे तोंड वळवलं. "जालं तवाबी अर्धंच होतं," ती म्हणाली. "पन त्याला सांगायची इसरले. मना वाटलं, दवाखाना हाय, खारी थोरीच हाय."

बुधवारी दक्षताने रजा टाकली आणि लिहायला बसली. आजवर तिने कायदा मोडला नव्हता आणि आता अर्धा मोडणार होती. नळीतून ताम्रकची हाक येते. रेवा ऐकते. तिने जावं आणि दांडा फिरवावा, एवढंच करायचं असतं. पण दांड्याकडे न जाता ती तोंडाने पाणी गिळत, भिऊन अर्धमेली होत, नळीच्याच वाटेने आत उतरते. ती आत पडते आणि तिच्या मागून गाळ येऊन नळी बुजते. आता आत दोघं आहेत. पाणी दोघांच्या छातीला लागलंय. ताम्रक विचारतो, तू इथे कशाला आलीस? रेवा म्हणते, बाहेर काढ मला, ते तुझं काम आहे.

तिथे तिने भाग संपवला आणि वाचून बघायचा धीर न करता रत्नदीपला पाठवून दिला.

दुपार टळल्यावर फोन वाजला. तो हॉस्पिटलातल्या खाटेवरून बोलत होता, हे मागच्या ट्रॉल्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण दोघांपैकी कोणी हॉस्पिटलचं नाव काढलं नाही.

"नळी बुजवलीस?"

"हो."

"मी ती मुद्दाम ठेवलेली, दक्षता."

"कळलं मला. म्हणूनच बुजवली."

तो एकदम आवाज चढवून म्हणाला, "अगं, रेवा मरेल आत. तिला पोहता येत नाही."

"मग काढ ना तिला. पुढचा भाग तुझा आहे."

"मी उद्या..."

"मला माहीत आहे उद्या काय आहे," दक्षता म्हणाली. "पुढचा भाग तुझा आहे, रत्नदीप. माझ्याच्याने ते व्हायचं नाही. मला वाट दिसत नाही, आणि मी शोधणारही नाही."

त्याने फोन ठेवला. नाही, आपटला. आणि मग दक्षताच्या तोंडचं पाणी पळालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हृदयाच्या पेशंटला आपण चिडवलं. त्याचं प्रेशर चढलं तर? कागदांमध्ये तिने वाचलेलं होतं, आदल्या दिवशी प्रेशर चढलं, रिदम बिघडला, पुढे अमुक झालं. ते पुढचं अमुक तिला पाठ होतं. आपण एका अडाणी चालीवर भरवसा ठेवून चांगल्या माणसाचा जीव धोक्यात घातला, असं तिला सारखं वाटत राहिलं, आणि फोन करून माफी मागावी तर तो आणखी चिडेल म्हणून तेही करवेना.

गुरुवारी सकाळी ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा त्याला हिरवा गाऊन घालून ढकलखाटेवर घेतलेलं होतं. चष्मा काढलेला होता आणि चष्म्याशिवाय तो म्हातारा दिसत होता. अमृता त्याच्या घड्याळाचा पट्टा हातात गुंडाळून उभी होती. दक्षता दारातच थांबली, पुढे जायचा तिला धीर होईना. खाट तिच्याजवळून जाताना त्याने मान वळवली.

"सापडलं," तो म्हणाला. "बाहेर आल्यावर सांगतो."

वॉर्डबॉयने दार ढकललं आणि ते मागे मिटलं.

वाट बघण्याबद्दल फार सांगण्यासारखं नसतं. बसलेल्यालाच ते कळतं. खुर्च्या लोखंडी होत्या. समोरच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, त्यातल्या कोणालाच काही झालेलं दिसत नव्हतं. दक्षताचं डोकं तिला कागदांवरचे सगळे शब्द एकामागून एक वाचून दाखवत होतं आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. एकदा आतून माणूस येऊन नाव पुकारून गेला. नाव दुसऱ्यांचं होतं, आणि ती दुसरी माणसं आत गेली आणि एका बाईचा रडण्याचा आवाज आला. अमृताने दक्षताचा हात धरला. तोवर त्या दोघी कधी एकमेकींच्या शेजारीसुद्धा बसल्या नव्हत्या.

हात धरूनच दक्षताने तिला जिन्याचं सांगितलं. मी बघितलं होतं, म्हणाली, सहा महिन्यांपूर्वीच, आणि त्याला डॉक्टरकडे जा म्हणायचं सोडून मी ते लिहिलं. अमृताने ऐकून घेतलं. मग म्हणाली की तो डॉक्टरकडे गेला तो त्यामुळेच. ती त्याच्या मागे किती दिवस लागली होती, पण बायकोचं ऐकणं त्याच्या रक्तात नव्हतं. ताम्रकची शिडी तो बरेच दिवस मनात घोळवत होता आणि एक दिवस आपणहून म्हणाला, दक्षता उगाच काही लिहीत नाही, तिला काहीतरी दिसलं असणार. दक्षताला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण जो वेळ वाया गेला तो गेलाच होता, आणि दार अजून बंद होतं.

खूप उशिराने डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून हातात घेतलेली. नळ्या बसवल्या, म्हणाले, पण मशीनवरून काढताना हृदयाने चालू व्हायला वेळ घेतला. अपेक्षेपेक्षा बराच. अमृताने विचारलं, आता? आता चालू आहे, ते म्हणाले, दोन दिवस बघू. दक्षता उभी होती ती खाली बसली. चालू आहे, एवढेच दोन शब्द तिने धरून ठेवले, आणि दोन दिवस बघू हे अमृतासाठी सोडून दिलं.

शुक्रवार आला आणि गेला. ॲपवर 'ओहोटनगर'चा भाग पडला नाही, रत्नदीपचा तयार भाग चढवायचं दक्षताला सुचलंच नव्हतं. कॉमेंटमध्ये लोकांनी आरडाओरडा केला, नवसवाल्या काकूंनी काळजीने विचारपूस केली, दक्षताने कोणाला उत्तर दिलं नाही.

शनिवारी आयसीयूत एकेकाला सोडत होते. अमृताने आपली वेळ तिला दिली. दक्षता पायात प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत गेली. रत्नदीपच्या नाकात नळी, मानेत नळी, छातीवर पट्टी, आणि डोक्यावरच्या पडद्यावर हिरवी रेष नागमोडी धावत होती. दक्षता आधी त्या रेषेकडेच बघत राहिली. मग त्याच्याकडे बघितलं. तो जागा होता.

काही विचारायचं नाही असं ती ठरवून आली होती. तरी विचारलं.

"काय सापडलं होतं?"

त्याने ओठ ओले केले. आवाज कागद घासल्यासारखा होता. "विसरलो."

सहा वर्षांत तो थापा मारतो तेव्हा कसा दिसतो हे तिला पक्कं माहीत झालेलं होतं. पण आज चेहऱ्यावर एवढ्या नळ्या होत्या की काही कळायला मार्ग नव्हता.

"खरंच सापडलं होतं का रे?"

"दारात उभी होतीस," तो म्हणाला. मधे दम घेतला. "तोंड बघितलेलंस का तुझं? काहीतरी बोलायला नको?"

दक्षता रडली. आवाज न करता, पण अगदी मनसोक्त. नर्सने तिच्याकडे रागाने बघितलं, मग दुसरीकडे बघितलं.

"म्हणजे वाट नाहीच," ती म्हणाली.

"अजून तरी नाही." तो डोळे मिटून पडला होता. वाटलं झोपला, पण बोटं चादरीवर हलली, जणू खिशात चणे शोधत होती. "भाग माझाच ना?"

"तुझाच. मी हात लावणार नाही."

"मग राहू देत दोघं आत. मी बघतो."

नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं. बाहेर येऊन दक्षताने अमृताला सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि अमृता पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिने घड्याळाचा तो पट्टा आपल्याच मनगटाला बांधून टाकला.

घरी मालू खिडकीत होती. पाणी उतरत होतं. तिने मान न वळवताच विचारलं, काय म्हनाला तो? दक्षताने चप्पल काढली आणि भिंतीला टेकून खाली बसली. भीती गेली नव्हती. ती हिरवी रेष कधीही सरळ होऊ शकते हे तिला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. कोपऱ्यात बापाचं जाळं तसंच लटकत होतं.

"काम अर्धं राहिलंय म्हणाला," ती म्हणाली.

"तू सांगितलंस ना त्याला, तुज्याशिवाय जमनार नाय म्हनून?"

"सांगितलं."

मालूने पाण्यावरची नजर काढली आणि लेकीकडे बघितलं.

"मंग येल तो घरी," ती म्हणाली.